तक्रार करणारा प्रवासी गेला कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात करतो पुणे विमानतळावरून.

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. बेंगळुरूला माझ्या ताईचं ऑपरेशन होतं, सकाळी 8 वाजता. मी आदल्या रात्रीचं तिकीट काढलं. लोणावळ्याहून लोहगाव म्हणजे वाकडचा ट्रॅफिक धरून दोन तास, म्हणून तीन तास आधी निघालो. पोचलो तर मोबाईलवर मेसेज, विमान 40 मिनिटं लेट. मग अजून 40. मग अजून एक तास. शेवटी रात्री पावणेबाराला कळलं, फ्लाइट रद्द. काउंटरवर एकच मुलगी, समोर दीडशे माणसं. तिलाही काही माहीत नव्हतं. एअरलाइनचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. इतकंच सांगतो की चार वर्षं मी याच कंपनीने उडत होतो आणि माझ्याकडे त्यांचं 'खास प्रवासी' वालं कार्डही होतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. पण ताई आत जाताना बाहेर आपलं माणूस कोणी नव्हतं. ती काही बोलली नाही. न बोलल्याचंच जास्त लागतं.

रात्री अडीचला लोणावळ्याला घरी परतलो होतो तेव्हा बाबा जागेच होते. बाबा रेल्वेत होते, बुकिंग ऑफिसात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तक्रार लिहिलीस का?"

म्हटलं, "काय उपयोग, बाबा? ॲप डिलीट केलं."

ते म्हणाले, "अरे, जो माणूस तक्रारवही मागतो ना, तो उद्या परत येणार असतो. जो न मागता निघून जातो, तो थेट एसटी पकडतो."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी एअर इंडियाचा इतिहास वाचायला बसलो. आणि मंडळी, ती सगळी गोष्ट मला या एका वाक्यात बसलेली दिसली.

पहिला तक्रारखोर

15 ऑक्टोबर 1932. 28 वर्षांचे जेआरडी टाटा कराचीहून एका छोट्या पुस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल घेऊन मद्रासला गेले. ही टाटा एअरलाइन्सची सुरुवात. 1946 मध्ये ती 'एअर इंडिया' झाली. 8 जून 1948 ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं.

1946 चाच आपला महाराजा. मिशा, फेटा, कमरेत वाकून नमस्कार. कल्पना एअर इंडियाच्या बॉबी कूका यांची, चित्र उमेश राव यांचं. त्या काळी हिंदुस्थानी माणसाकडे जग कोणत्या नजरेने बघायचं ते आठवा. आणि हा पठ्ठ्या न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत पोस्टरांवर मिश्कील हसत उभा! 1967 मध्ये तर एअर इंडियाने साल्वादोर दालीकडून प्रवाशांना भेट द्यायला ॲशट्रे करून घेतले आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू दिलं. 1971 मध्ये पहिलं जम्बो आलं, तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्यासारखे झरोके रंगवले होते.

पण ब्रँड पोस्टरमुळे टिकत नाही. खरी गंमत आतल्या कारभारात होती. जेआरडी स्वतः विमानाने सतत फिरायचे आणि प्रवास संपला की लिहायला बसायचे. काय? तर तक्रारी. 1951 ची त्यांची एक नोंद प्रसिद्ध आहे: जिनिव्हाहून विमानात चढवलेल्या चहाचा रंग कॉफीपेक्षा वेगळा ओळखू येत नाही! खुर्ची नीट मागे जात नाही, काउंटरवर धूळ आहे, अशा बारीकसारीक गोष्टी ते लिहीत आणि त्या दुरुस्त होईपर्यंत मागे लागत.

आपल्या भाषेत सांगायचं तर कंपनीचा अध्यक्षच तिचा सगळ्यात चिकट टेस्टर होता. तो रोज बग रिपोर्ट टाकत होता आणि तो बंद करायची ताकदही त्याच्याच हातात होती.

आता एक नीट लक्षात घ्या. 1953 मध्ये या कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. म्हणजे ज्या काळातल्या सेवेचे आपले आजोबा-पणजोबा गोडवे गातात, त्यातली जवळपास 25 वर्षं ती सरकारी कंपनी होती. अध्यक्ष मात्र जेआरडीच होते. म्हणून "सरकारी झालं आणि वाट लागली" हे व्हॉट्सॲपवरचं उत्तर अर्धवट आहे.

फेब्रुवारी 1978 मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. ही बातमी त्यांना सरकारकडून कळली नाही. त्यांच्या जागी येणारे एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून कळली. चहाच्या रंगावर लिहिणारा माणूस गेला. एका रात्रीत काही बिघडलं नाही. चांगली सवय मोडायलाही वेळ लागतो. पण वरच्या खुर्चीत बसून तक्रार करणारा आता कोणी नव्हता. उरले फक्त प्रवासी.

आणि मग प्रवासीही गेले

इथे जरा नायजेरियाला जाऊन येऊ. अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाचं 1970 चं एक पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. त्याला प्रश्न पडला होता: नायजेरियाच्या रेल्वेला ट्रकांची स्पर्धा होती, मग रेल्वे सुधारायला हवी होती. ती सुधारली का नाही? त्याचं उत्तर असं. ज्यांना दर्जाची सगळ्यात जास्त चाड होती, जे भांडले असते, तेच आधी ट्रकांकडे गेले. मागे उरले ते गप्प बसणारे, आणि तोटा भरायला सरकारी तिजोरी होतीच. म्हणजे स्पर्धेने रेल्वेला जाग आणण्याऐवजी तिला झोपायला शांतता दिली.

माझ्या बाबांनी हर्शमन वाचलेला नाही. पण एसटीवालं वाक्य तेच आहे ना?

आता आपल्याकडे या. परदेशी मार्गांवर आखाती आणि आग्नेय आशियातल्या कंपन्या आधीच आल्या होत्या. देशात 5 मे 1993 ला जेट एअरवेज सुरू झाली, 1994 मध्ये जुना कायदा रद्द झाला. 2003 मध्ये एअर डेक्कन, 2005 मध्ये किंगफिशर, 2006 मध्ये इंडिगो. ज्याला वेळेची किंमत होती, ज्याच्या तिकिटाचे पैसे कंपनी भरत होती, तो आधी सरकला. म्हणजे जो काउंटरवर हात आपटून "मॅनेजरला बोलवा" म्हणाला असता, तोच.

2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. त्याच्या थोडं आधी दोघींनी मिळून 111 विमानांची ऑर्डर दिली होती. तुमच्यापैकी ज्यांनी दोन जुन्या सिस्टिम एकत्र केल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको! दोन पगाररचना, दोन संघटना, दोन प्रकारची विमानं, दोन कोड. तिकिटांवरचा 'आयसी' कोड जायला 2011 उजाडलं. त्याच वर्षी स्टार अलायन्सने अटी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून एअर इंडियाचा प्रवेश थांबवला. तो मिळाला 2014 मध्ये. विलीनीकरणानंतर ही कंपनी वर्षागणिक तोट्यातच राहिली.

आणि इथे नायजेरियाची गोष्ट पूर्ण होते. 2009 मध्ये आदेश निघाला की सरकारी खर्चाने उडायचं तर एअर इंडियानेच उडायचं. म्हणजे मागे उरलेल्या प्रवाशांपैकी बरेच जण निवडीने आलेलेच नव्हते. ते तक्रार करणार कशाला? पुढे 2012 मध्ये सरकारने 30,231 कोटी रुपयांचं भांडवल टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवलं. ट्रक, गप्प प्रवासी आणि तिजोरी, तिन्ही हजर!

पॉइंटांची बेडी

मग तुम्ही म्हणाल, नेहमीच्या प्रवाशांना तर कंपन्या डोक्यावर घेतात, पॉइंट देतात. खरंय. 1 मे 1981 ला अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' योजना आणली आणि मग जगभर हे पेव फुटलं. पण पॉइंट हे तक्रार ऐकण्याचं साधन नाही. ते निघून जाणं महाग करण्याचं साधन आहे.

मी चार वर्षं त्या कंपनीला का चिकटलो? सेवा आवडत होती म्हणून? पहिलं एक वर्ष, हो. नंतरची तीन वर्षं मी पॉइंट फुकट जातील म्हणून गप्प होतो. कार्ड माझ्या खिशात होतं, पण बांधलेला मीच होतो. मी निघूनही गेलो नाही आणि बोललोही नाही. कंपनीच्या स्क्रीनवर मात्र मी 'समाधानी ग्राहक' दिसत असणार!

आणि विमान कंपनी जमिनीवर आली की तिच्यावरच्या निष्ठेचं काय करायचं? किंगफिशर 2012 मध्ये थांबली. जेटचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं. दोन्हींवर जीव टाकणारे प्रवासी होते.

बिल कोणी भरलं?

8 ऑक्टोबर 2021 ला जाहीर झालं की 18,000 कोटींच्या बोलीवर एअर इंडिया टाटांकडे परत जाणार. 27 जानेवारी 2022 ला ताबा गेला. माझ्या टाइमलाइनवर त्या दिवशी दिवाळी होती. पण हिशोब बघा. 31 ऑगस्ट 2021 ला कंपनीवर 61,562 कोटींचं कर्ज होतं. त्यातलं 15,300 कोटी टाटांनी उचललं. उरलेलं 46,262 कोटी सरकारी कंपनीकडे गेलं, म्हणजे आपल्याकडे. 140 कोटी लोकांत वाटलं तर माणशी 330 रुपये. जी आजी आयुष्यात कामशेतच्या पुढे गेली नाही, विमान जिने फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं, तिच्याही नावावर 330 रुपये.

न ऐकलेल्या तक्रारीचं बिल असं येतं. उशिरा येतं आणि भलत्याच माणसाच्या पत्त्यावर येतं.

आता नवीन मालक, 470 विमानांची ऑर्डर, 2023 मध्ये नवा लोगो, नोव्हेंबर 2024 मध्ये विस्ताराचं विलीनीकरण. "टाटा आले, आता सगळं ठीक होईल," असं खूप जण म्हणाले. मलाही मनापासून वाटतं व्हावं. पण मी लोणावळ्याचा आहे. आमच्याकडे टाटा हे नाव विमानाच्या आधी पाण्यावर लिहिलं गेलंय. वळवणचं धरण बघत मी मोठा झालो. इथल्या तलावांचं पाणी खाली खोपोलीला उतरवून 1915 मध्ये वीज तयार व्हायला लागली आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. अभिमानाची गोष्ट आहे. पण डोंगरापलीकडे मुळशीत जा. तिथल्या मावळ्यांनी आपल्या जमिनी धरणात जाऊ नयेत म्हणून 1921 मध्ये त्याच टाटांविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि शेवटी गावं पाण्याखाली गेलीच. त्या शेतकऱ्यांना दुसरीकडे जायचा पर्यायही नव्हता आणि त्यांचं ऐकलंही गेलं नाही.

म्हणून म्हणतो, नावात जादू नसते. तेच नाव एका घरात विश्वास असतं आणि डोंगरापलीकडच्या घरात जखम. फरक पडतो तो समोरचा बोलतो तेव्हा मालक ऐकतो का, यावर. चहाचा रंग बघणारं कोणी वर बसलंय का, एवढंच बघायचं.

मग मी काय केलं?

ताई बरी होऊन घरी आली, तेव्हा मी ॲप परत डाउनलोड केलं आणि तक्रार लिहिली. तारीख, वेळ, मेसेज कधी कधी आले ते स्क्रीनशॉटसकट. काउंटरवरच्या मुलीविरुद्ध एक शब्द लिहिला नाही, कारण दीडशे माणसांसमोर तिला एकटीला उभं करणारा माणूस वेगळा होता. तिकडून उत्तर आलं नाही, तेव्हा सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर टाकली. तुम्हालाही हे करता येतं. आणि विमान 6 तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागायचा तुम्हाला हक्क आहे, हे लक्षात ठेवा.

पैसे परत मिळाले. माफीचा मेल आला, त्यात माझं नाव चुकीचं होतं.

बाबांना तो मेल दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "नाव चुकलंय. परत लिही."

लिहिलंय. उत्तर आलं की सांगतो. तोपर्यंत तुमचा अनुभव कळवा, आणि हो, या एपिसोडबद्दल तक्रार असेल तर ती आधी!