पॅकेट हरवले की नोंदायचे राहिले?

हजेरीपटात एका मुलापुढे गैरहजेरीची खूण आहे. पण त्याच दिवशीच्या चाचणीची त्याची उत्तरपत्रिका आपल्या हाती आहे. चूक अर्थातच हजेरी घेणाऱ्याची. संगणकांच्या जाळ्याचा अभ्यास करणाऱ्यांना नेमका हाच युक्तिवाद उपयोगी पडला.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांमधील संदेशवहन कोलमडले. सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. गर्दीमुळे पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, वाटेत गळत आणि संगणक ती पुन्हा पाठवून गर्दीत भरच घालत. अशा अभ्यासाला वाहतुकीची नोंद हवी. त्याच प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन यांनी ‘टीसीपीडंप’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरून जाणारी पॅकेटे वेळेसह फाइलमध्ये उतरवतो.

मात्र वाहतुकीचा वेग वाढला की नोंदणारा संगणकच मागे पडतो. काही पॅकेटे टिपायची राहतात. किती राहिली, तो आकडा टीसीपीडंप अखेरीस पडद्यावर दाखवतो. पण त्याच्या मूळ फाइलरचनेत त्या आकड्याला जागाच नाही. मग पुढे कधीतरी ती फाइल उघडणाऱ्याने काय करावे?

उत्तर १९८१ च्या टीसीपी नियमांत दडलेले होते. त्यांनुसार प्रत्येक बाइटला क्रमांक असतो आणि घेणारा पोचपावतीत ‘यापुढे अमुक क्रमांक हवा’ असे कळवतो. समजा, फाइलमध्ये १ ते १००० आणि २००१ ते ३००० हे बाइट आहेत, मधले नाहीत. पोचपावती ‘३००१ हवा’ म्हणत असेल, तर मधले पॅकेट पोचले आहे, नोंदणाराच चुकला. ती पुन्हापुन्हा ‘१००१ हवा’ म्हणत असेल आणि मग ते पॅकेट उशिरा दिसले, तर ते खरोखरच वाटेत अडखळले किंवा हरवले.

व्हर्न पॅक्सन यांनी १९९७ मध्ये अशा कसोट्या प्रोग्रॅममध्ये बसवून हजारो नोंदी तपासल्या. नोंदणाऱ्याची चूक जाळ्याच्या माथी मारली, तर निष्कर्षच खोटा ठरतो. आज ‘वायरशार्क’ हा प्रोग्रॅमही न दिसलेल्या पॅकेटची पोचपावती आली की तशी सूचना देतो. यूडीपी पद्धतीत मात्र असे क्रमांक नसतात, पोचपावतीही नसते. तिथे ही युक्ती चालत नाही.

वर्गात हे करून पाहा. क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या एका मुलाने दुसऱ्याकडे द्याव्यात, तिसऱ्याने घाईघाईने नोंद करावी. नंतर केवळ नोंद आणि पोचपावत्या पाहून चूक कोणाची, हे इतरांनी शोधावे.