सामायिक वाडा आणि त्याचा मालक

एका छपराखालीं एकच कुटुंब राहत असेल, तर घराची व्यवस्था हा त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न. त्याच छपराखालीं पांचसहा बिऱ्हाडें आलीं म्हणजे मात्र तेथें एक लहानसें संस्थानच उभें राहतें. आडाचा पोहरा तुटला तर नवा कोणीं आणावयाचा, जिन्यांत दिवा कोणीं ठेवावयाचा, पावसाळ्यापूर्वीं माळवदावर माती कोणीं टाकावयाची, रात्रीं दिंडी कोणीं लावावयाची, या प्रश्नांचीं उत्तरें ज्याला देतां येतात तो खरा घरमालक. भाडें वसूल करणें हा त्याच्या कामांतला सर्वांत सोपा भाग होय.

औरंगाबादला (२०२३ पासून या शहराचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें आहे) सामायिक व्यवस्थेचा धडा घराआधीं पाण्यानें शिकविला. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें नगर वसविलें आणि डोंगराच्या कुशींतलें पाणी भूमिगत नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, शहरांतल्या हौदांपर्यंत आणलें. अशा नहरींत वरच्या बाजूस गाळ सांचला कीं खालच्या मोहल्ल्यांतील घागरी रिकाम्या राहतात. म्हणून नहर बांधणाऱ्याइतकाच ती उपसत राहणारा माणूस महत्त्वाचा. पुढें बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारीं अशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरूं लागली व तेथें उतरणाऱ्या फकिरांचें आणि यात्रेकरूंचें पीठ ती दळूं लागली. ही मालमत्ता वक्फाची, म्हणजे कोणा एकाच्या मिरासीची नव्हे. महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचें मुख्य कार्यालय त्याच आवारांत असावें, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

औरंगजेबानें १६५३ सालीं या नगराला आपलें नांव दिलें. सरदारांचे वाडे व हवेल्या उठल्या, कर्णपुरा, जयसिंगपुरा, बेगमपुरा असे पुरे वसले. परंतु १७६३ मध्यें निजामानें राजधानी हैदराबादेस हलविली आणि दरबारासाठीं बांधलेल्या शहरांतून दरबारच निघून गेला. मोठ्या वास्तूचा खर्च दरबारी उत्पन्नावांचून एकट्यानें पेलणें कठीण. वाड्याचे सोपे व माड्या बिऱ्हाडकरूंना देणें हा त्यावर सहज सुचणारा उपाय होता, आणि १८८९ सालीं कापसाची गिरणी व १९०० सालीं मनमाडकडून रेल्वे आल्यावर जागा शोधणाऱ्यांची उणीवही राहिली नाहीं.

अशा वाड्यांत मालक बहुधा स्वतः राही. भाडें हाली सिक्क्यांत मोजलें जाई. पण हिशेबाच्या वहीपेक्षां त्याचें चौकांतलें अस्तित्वच अधिक काम करी. माळवद गळलें तर तें प्रथम त्याच्याच अंथरुणावर गळे, आड आटला तर त्याच्याच घरीं स्वयंपाक खोळंबे. दुरुस्ती वेळेवर होई ती परोपकारबुद्धीनें नव्हे, स्वार्थानें. आणि असला स्वार्थ पुष्कळदां नियमापेक्षां भरंवशाचा ठरतो. मात्र या जवळिकीचें गोडवे गातांना तिची दुसरी बाजू झांकणें न्यायाचें होणार नाहीं. एकाच आडाचें पाणी भरावयाचें म्हटलें कीं मालक आधीं जात विचारी, मग माणसाचें नांव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं येथें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय झालें. त्याच्या जोडीला नागसेनवनांत वसतिगृहें उभीं राहिलीं. ज्या विद्यार्थ्याला वाड्याच्या दिंडींतूनच परत फिरावें लागे, त्याला त्या वसतिगृहाचें मोल निराळें सांगावयास नको.

तिकडे मुंबईंत चाळीचा मालक चाळींत राहत नसे. पहिल्या तारखेस त्याचा माणूस वसुलीला येई. महायुद्धांच्या टंचाईंत भाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं व पुन्हां १९३९ पासून सरकारनें मध्यें हात घातला. १९४७ च्या मुंबई कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण मानलें. गरीब भाडेकरूला त्यानें रस्त्यावर येऊं दिलें नाहीं, हें त्याचें पुण्य. पण भाडें थिजलें, चुना-लाकडाचे भाव थिजले नाहींत; मालकानें इमारतीवरून मन काढून घेतलें आणि पागडी मागील दारानें आंत आली. अखेरीस १९६९ च्या कायद्यान्वयें जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं मुंबईंत स्वतंत्र मंडळ स्थापावें लागलें.

मराठवाडा तेव्हां या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. येथें हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडें-नियंत्रण कायदा चाले. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, तरी तो कायदा राहिलाच. विदर्भांत १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे-हुकूम. एकाच राज्यांत पुण्याचा, नागपूरचा आणि औरंगाबादचा घरमालक तीन निरनिराळ्या कायद्यांखालीं नांदत होते! १९५८ सालीं येथें विद्यापीठ निघालें, पुढें औद्योगिक वसाहती आल्या, खोलीसाठीं फिरणारा विद्यार्थी आणि कामगार दारोदार दिसूं लागला. कायदा मात्र जुन्या संस्थानाचाच.

मुंबईचीं थिजलेलीं भाडीं काळाच्या ओघांत अन्यायकारक झालीं आहेत असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं म्हटलें. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि तिन्ही जुने कायदे एकदमच गेले. वर्षास शेंकडा ४ भाडेवाढ मालकाला मिळाली. पण सामायिक घराच्या दृष्टीनें या कायद्याचीं दुसरींच कलमें वाचण्यासारखीं आहेत. पाणी, वीज, वाटेंतील व जिन्यावरील दिवे, सफाई, यांपैकीं कांहींही मालकानें सबळ कारणावांचून बंद करावयाचें नाहीं. दुरुस्तीची नोटीस भाडेकरूंनीं एकत्र देऊनही मालक १५ दिवस स्वस्थ बसला, तर त्यांनीं ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापलीकडे नव्हे. वाड्याच्या चौकांत जें न सांगतां होई, तें येथें कलमाच्या भाषेंत आलें आहे. मालक ज्या घरांत स्वतः राहतो त्यांतलाच भाग ज्याला वापरावयास देतो, त्या ‘पेइंग गेस्ट’चीही व्याख्या कायद्यांत आहे.

तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या जुन्या मालकाला मात्र एक कलम जड जातें. करार लेखी हवा, तो नोंदलेला हवा, आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर खोली कोणत्या अटींवर दिली याविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें.