जर्मन भाषेतील गंतव्यदर्शक शब्दयोगी अव्यये

जर्मन भाषेत 'कुठे?' या अर्थाचे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत: 'वो?' (कोणत्या ठिकाणी?) आणि 'वोहिन?' (कोणत्या ठिकाणाकडे?). दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात 'नाख', 'त्सू', 'इन', 'आन' आणि 'आउफ' ही शब्दयोगी अव्यये प्रामुख्याने वापरली जातात. मराठीतील अव्ययांप्रमाणे ती नामानंतर न येता नामाच्या आधी येतात. त्यांची निवड गंतव्यस्थानाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

वापर

नाख: शहरे, खंड, दिशा तसेच उपपद न लागणारे देश आणि बेटे यांसाठी. उदा. 'नाख बेर्लिन', 'नाख इंडियेन' (भारताला), 'नाख क्रेटा' (क्रीट बेटावर). नामाआधी विशेषण आल्यास उपपद लागते आणि 'नाख'ऐवजी 'इन' येते: 'इन्स श्योने बेर्लिन' (सुंदर बर्लिनला).

इन: उपपद लागणारे देश आणि जिथे आत प्रवेश अपेक्षित असतो अशी ठिकाणे यांसाठी. उदा. 'इन डी श्वाइत्स' (स्वित्झर्लंडला), 'इन डी ट्युर्काय' (तुर्कस्तानला), 'इन्स कीनो' (चित्रपट पाहायला).

त्सू: व्यक्ती आणि जिथपर्यंत पोहोचायचे ते ठिकाण यांसाठी. उदा. 'त्सुम आर्त्स्ट' (डॉक्टरांकडे), 'त्सुम बानहोफ' (रेल्वे स्थानकाकडे). 'त्सुम कीनो' म्हटल्यास केवळ चित्रपटगृहापर्यंत जाणे एवढाच बोध होऊ शकतो.

आन: जलाशयांचे काठ व किनारे यांसाठी. उदा. 'आन्स मेअर' (समुद्रकिनारी), 'आन डेन राइन' (ऱ्हाईन नदीकाठी).

आउफ: पृष्ठभाग, उंच जागा आणि उपपद लागणारी बेटे यांसाठी. उदा. 'आउफ डेन बेर्ग' (डोंगरावर), 'आउफ डी मालेडिवेन' (मालदीवला).

विभक्ती

'नाख' आणि 'त्सू' यांच्यानंतर नेहमी चतुर्थी येते. 'इन', 'आन' आणि 'आउफ' यांच्यानंतर गंतव्य सांगताना द्वितीया, तर स्थान सांगताना चतुर्थी येते. त्यामुळे 'इन डी शूले' म्हणजे शाळेत (जाणे) आणि 'इन डेर शूले' म्हणजे शाळेत (असणे). येथे अर्थातील फरक केवळ उपपदाच्या रूपावरून कळतो.

मराठीशी तुलना

मराठीत गंतव्य आणि स्थान या दोहोंसाठी बहुधा एकच रूप चालते: 'शाळेत जातो' व 'शाळेत आहे', 'घरी जातो' व 'घरी आहे', 'डॉक्टरांकडे जातो' व 'डॉक्टरांकडे आहे'. फरक क्रियापदावरून समजतो. जर्मनमध्ये मात्र तो अव्यय किंवा विभक्ती यांनी दाखवावा लागतो. घरी जाणे म्हणजे 'नाख हाउझे', तर घरी असणे म्हणजे 'त्सू हाउझे'; डॉक्टरांकडे जाताना 'त्सुम आर्त्स्ट', तर तिथे असताना 'बाइम आर्त्स्ट'. म्हणून मराठी प्रत्ययाला ठरावीक जर्मन अव्यय जोडून पाठ केल्यास चूक होण्याचा संभव असतो. आधी प्रश्न 'वो?' आहे की 'वोहिन?' हे ठरवून मग ठिकाणाचा प्रकार पाहिल्यास अव्ययाची निवड सुकर होते.