भिंतीला दिलेले चटके

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. सुधा भोरसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औष्णिक प्लाझ्मावर, म्हणजे तापलेल्या विद्युतभारित वायूवर, बरीच वर्षं काम केलं. विद्युतचापाच्या झळीनं धातूची वाफ करायची आणि ती थिजताना तयार होणारे नॅनोकण गोळा करायचे. तिथे वाफ होणं हेच यश. प्लाझ्मात अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा काढणाऱ्या संमीलन अणुभट्टीत मात्र हीच वाफ घात करते. भिंतीवरचे टंग्स्टनचे अणू सुटून प्लाझ्मात शिरले की त्याची ऊर्जा प्रारणावाटे निसटते आणि तो थंडावतो. म्हणून भिंत किती सोसेल हे आधीच पारखून घ्यावं लागतं.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेत होमी भाभांनी अध्यक्षपदावरून भाकीत केलं होतं, की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. पुढे मुख्य झगडा राहिला तो प्लाझ्मा कोंडायचा कसा याचाच. भिंतीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो एका आनंदाच्या शोधानं. १९८२ मध्ये जर्मनीतल्या गार्शिंग इथे, ॲस्डेक्स यंत्रात, फ्रिट्झ वाग्नर यांना प्लाझ्मा एकाएकी कितीतरी चांगला कोंडला गेलेला दिसला. पण या अवस्थेत प्लाझ्माच्या कडेला साचलेला दाब मधूनमधून फुटतो आणि मिलिसेकंदाच्या आत उष्णतेचा लोंढा भिंतीवर आदळतो.

हा लोंढा प्रयोगशाळेत आणायचा तर आधी तसाच तडाखा तयार करता यायला हवा. तडाखा देणाऱ्या यंत्रांची दोन घराणी झाली. एक इलेक्ट्रॉन झोताचं. जर्मनीत कार्ल-हाइन्झ श्टाइगरवाल्ड यांनी १९५० च्या दशकात ज्या झोतानं धातूला भोकं पाडली आणि जोड दिले, तोच झोत युलिशच्या ‘जुडिथ’ यंत्रात भिंतीच्या नमुन्यांवर रोखला गेला. दुसरं घराणं प्लाझ्मा बंदुकीचं. लॉस अलामॉसमध्ये जॉन मार्शल यांनी १९६० च्या सुमारास वापरलेली समाक्ष बंदूक, मग सोव्हिएत संघात मोरोझोव्ह यांनी मांडलेले प्लाझ्मा त्वरक, आणि त्यातून ट्रोइत्स्क व खारकीव्हची यंत्रं. ट्रोइत्स्कचे तडाखे अर्ध्या मिलिसेकंदाचे. त्यांनी भिंतीसाठी घेतलेल्या कार्बनतंतूंची झीज दाखवली आणि फ्रान्समधल्या ‘ईटर’ या संमीलन अणुभट्टीसाठी एका तडाख्याची मर्यादा चौरस मीटरला ०.५ मेगाज्यूल अशी धरली गेली.

ईटरच्या तळाशी उष्णता झेलणाऱ्या भागाला, म्हणजे डायव्हर्टरला, चौरस मीटरमागे १० मेगावॅटची झळ सतत सोसायची आहे. तडाखा मात्र वेगळ्याच जातीचा. अर्ध्या मिलिसेकंदात उष्णता टंग्स्टनमध्ये जेमतेम काही दशांश मिलिमीटर उतरते. वरचा थर फुगू पाहतो, खालचा थंड धातू त्याला हलू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी चेपला जातो. निवताना तोच थर ताणला जातो आणि टंग्स्टन थंड असताना ठिसूळ, त्यामुळे तडकतो. ३४०० अंश सेल्सियसच्या वर वितळणारा धातू वितळण्याच्या कितीतरी आधी असा हार खातो. युलिशमध्ये तर दहा लाखांपर्यंत तडाखे दिले गेले. शंभर तडाख्यांनंतर धड दिसणारा पृष्ठभाग लाखभरानंतर भेगाळलेला निघाला. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. अणुभट्टीचं आयुष्य एका मोठ्या घावावर ठरत नाही, लहान घावांच्या संख्येवर ठरतं.

२०१३ मध्ये इंग्लंडच्या ‘जेट’ या संमीलन यंत्रामध्ये टंग्स्टनची एक कड मुद्दाम उघडी ठेवून खऱ्या लोंढ्यांनी वितळवली. वितळलेला धातू चुंबकीय क्षेत्राच्या रेट्यानं बाजूला सरकत गेला. असा रेटा नुसत्या झोतासमोर ठेवलेल्या नमुन्यावर पडत नाही.

भारतात भिंत पारखण्याचं काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालतं. तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीवर बसवलेले टंग्स्टनचे ठोकळे तिथे २०० किलोवॅटच्या इलेक्ट्रॉन झोतासमोर धरतात. पण झोत फक्त तापवतो. हायड्रोजन आणि हेलियमच्या कणांचा मारा त्यात नसतो आणि हेलियम तर तापलेल्या टंग्स्टनवर सूक्ष्म तंतूंची लव उगवून आणतो. हा मारा देण्यासाठी याच संस्थेचं आसाममधल्या सोनापूरचं केंद्र स्थिर, दाट प्लाझ्मा वापरतं. त्या लवेवर लाखभर तडाखे बसले तर ती झडते की वितळते, हे एकाच नमुन्यावर दोन्ही मारे करूनच कळेल.