हिरव्या ओळींचा पुरावा: कोड कव्हरेज, अपवाद आणि साधनचिकित्सा

१/१६
३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. लातूर आणि आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावर हा भाग विभाग १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा कोणी खोटा काढला नव्हता. ज्ञात भूकंपांच्या नोंदींवर तो आधारलेला होता. मात्र जेथे नोंद नव्हती, तेथे धोकाही नाही, असे वाचले गेले.

२/१६
आजचा धागा भूकंपावर नाही. ‘नोंद नाही’ आणि ‘घडले नाही’ यांतील अंतर विसरल्यामुळे संगणकाच्या जगात जो घोटाळा होतो, त्यावर आहे. विषय रुक्ष वाटेल. पण मुळात तो आपलाच आहे. पुरावा कसा तयार झाला, हे न पाहता तो वाचला तर काय होते, एवढाच हा प्रश्न.

३/१६
दिवाळीत कळंबला शाळेतला एक मित्र भेटला. पुण्यात सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचे काम करतो. लॅपटॉपवर त्याने एक अहवाल दाखवला. प्रोग्रामच्या काही ओळी हिरव्या, काही लाल. म्हणाला, “ही लाल ओळ चालताना मी स्वतः पाहिली आहे, आणि अहवाल म्हणतो ती चाललीच नाही. उलट ज्या हिरव्या ओळीवर आम्ही निर्धास्त होतो, तिथेच सगळं कोसळलं.” अस्सल कागद आणि त्यातील चुकीची तारीख, अशी ही जोडी इतिहासाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही.

४/१६
आधी कुळकथा. चाचणी घेताना प्रोग्रामचा कोणता भाग प्रत्यक्ष चालला, हे मोजणे म्हणजे कोड कव्हरेज. जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलोनी यांनी १९६३ साली प्रोग्राममधील चुका पद्धतशीरपणे शोधण्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्रामच्या प्रत्येक वाटेने चाचणी गेली पाहिजे, हा विचार मांडणाऱ्या आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. पुढे ही कल्पना टक्केवारीत उतरली: शंभर ओळींपैकी ऐंशी चालल्या, म्हणजे कव्हरेज ८० टक्के.

५/१६
त्याच दशकात दुसरा प्रवाह वाहत होता. गणित बिघडले, फाइल सापडली नाही, तर काय करावे? आयबीएमच्या ‘पीएल/वन’ या भाषेत अशा प्रसंगांसाठी स्वतंत्र सोय आली. १९७५ साली जॉन गुडइनफ यांनी ‘एक्सेप्शन’, म्हणजे अपवाद, हाताळण्याची सविस्तर मांडणी केली. पुढे एडा, सी प्लस प्लस, जावा या भाषांनी ती रीत रूढ केली. ‘ट्राय’मध्ये नेहमीचे काम, ‘कॅच’मध्ये संकट आल्यास करावयाची तजवीज, आणि ‘फायनली’मध्ये काहीही झाले तरी करावयाची आवराआवर.

६/१६
दोन्ही कल्पना उत्तम. पण त्यांचा मेळ सहज बसत नाही. कव्हरेज मोजणारे साधन रस्त्यावर ठरावीक ठिकाणी नोंदीची चौकी बसवते. अपवाद मात्र दोन चौक्यांच्या मधेच, कोठेही, रस्ता सोडतो.

७/१६
आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, कळंबहून येरमाळामार्गे धाराशिवला जाणाऱ्या एसटीची फेरी फक्त धाराशिवच्या स्थानकात गाडी पोहोचल्यावरच वहीत लिहिली जाते. येरमाळ्याच्या पुढे गाडी बंद पडली. प्रवासी येरमाळ्यापर्यंत गेले, तिकिटे फाटली, डिझेल जळले. वही मात्र सांगणार की आज गाडी सुटलीच नाही. वही खोटे लिहीत नाही. ती एकच प्रश्न विचारते, गाडी पोहोचली का? वाचणारा मात्र तिला दुसराच प्रश्न विचारत असतो, गाडी सुटली का?

८/१६
जावाच्या जगात प्रचलित असलेल्या ‘जाकोको’ या साधनाचे नेमके असेच होते. ते प्रोग्राममध्ये ‘प्रोब’ नावाच्या खुणा पेरते. पुढची खूण गाठली गेली, तरच तिच्या आधीच्या सूचना चालल्या असे धरते. मधेच अपवाद उद्भवला की पुढची खूण गाठलीच जात नाही, आणि चाललेली ओळ लाल दिसते. नंतरच्या आवृत्त्यांत जादा खुणा घालून ही चूक बहुधा एका ओळीपुरती आटोक्यात आणली गेली. तरी जिच्यातून अपवाद बाहेर पडला, ती ओळ लालच राहू शकते. मित्राच्या लाल ओळीचे रहस्य एवढेच होते.

९/१६
दुसरा गुंता ‘फायनली’चा. माणूस ती एकदाच लिहितो. पण जावाचा कंपायलर तिच्या अनेक प्रती काढतो. एक सुखरूप वाटेसाठी, एक संकटाच्या वाटेसाठी, अशा. चाचणी एकाच वाटेने गेली, तर ओळ अर्धवट, म्हणजे पिवळी ठरते. २०११ मध्ये आलेल्या ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ या रचनेत तर माणसाने कधी न लिहिलेल्या फांद्या अहवालात उगवत. पुढे जाकोकोने अशा कंपायलरनिर्मित भागांना गाळणी लावली. नक्कलकाराने वाढवलेला मजकूर मूळ लेखकाच्या माथी मारू नये, हा पाठचिकित्सेचा नियम येथेही लागू पडला!

१०/१६
खोट्या लाल ओळीने वेळ वाया जातो. खरा धोका खोट्या हिरव्याचा. त्यासाठी ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथे जाऊ. युरोपच्या ‘एरियान ५’ या अग्निबाणाचे ते पहिलेच उड्डाण होते, आणि त्यात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटर उंचीवर, अग्निबाण मार्ग सोडून वळला, तुटला आणि त्याचा स्फोट झाला.

११/१६
झाले काय? दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर ‘एरियान ४’वरून घेतलेले होते. त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जाई. त्या जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा लवकर वाढत होता. संख्या मावली नाही आणि अपवाद उद्भवला. अशा सात चलांपैकी चारांना संरक्षण होते, तिघांना नव्हते. संगणकावरील भार मर्यादेत ठेवण्यासाठी ते जाणूनबुजून वगळले होते.

१२/१६
अपवाद आल्यास काय करायचे, हे ठरलेले होते: बिघाड कळवा, तपशील साठवा आणि संगणक बंद करा. एखादेच यंत्र बिघडेल आणि दुसरे सांभाळून घेईल, हे त्यामागचे गृहीतक. पण दोन्ही यंत्रांत सॉफ्टवेअर एकच होते. राखीव यंत्र आधी बंद पडले, ७२ मिलिसेकंदांच्या आत मुख्य यंत्रही. मग बिघाडाच्या निदानाचे आकडे मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचले. आणि ही गणना करणाऱ्या भागाची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती.

१३/१६
आता कव्हरेजच्या नजरेने पाहा. ती ओळ एरियान ४ च्या उड्डाणांत पुन्हा पुन्हा चालली होती. ‘ओळ चालली का?’ एवढेच विचारले असते, तर ती हिरवीच ठरली असती. जो ‘कॅच’ लिहिलेलाच नाही, त्याला लाल रंग कसा मिळणार? कव्हरेज लिहिलेल्या मजकुराची मोजदाद करते. गाळलेल्या मजकुराची नाही. झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने जुलै १९९६ मध्ये अहवाल दिला. एरियान ५ च्या प्रत्यक्ष उड्डाणमार्गाच्या परिस्थितीत ही यंत्रणा तपासलीच गेली नव्हती, हे त्यात नमूद आहे. चाचण्यांची व्याप्ती पुन्हा तपासून गरजेप्रमाणे वाढवावी, अशी शिफारसही आहे.

१४/१६
ही एकाच अपघाताची गोष्ट नव्हे. टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली कॅसँड्रा, एचबेस, रेडिस अशा पाच प्रणालींतील १९८ बिघाड अभ्यासले. त्यांतील संपूर्ण प्रणाली कोलमडवणाऱ्या बिघाडांपैकी ९२ टक्क्यांच्या मुळाशी, आधीच सूचना मिळालेल्या त्रुटीची चुकीची हाताळणी होती. काही ठिकाणी ‘कॅच’ रिकामाच, तर काही ठिकाणी ‘हे नंतर करू’ अशी टीप! रिकाम्या ‘कॅच’मधून चाचणी सुखरूप जाते आणि टक्केवारीही वाढते. त्या ठिकाणी अपवाद गिळला जातो, हे मात्र रंग सांगत नाही.

१५/१६
मग अहवाल फेकून द्यावा का? मुळीच नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींच्या तुलनेत समकालीन पत्रांना मान दिला. पण पत्रही तपासूनच घ्यायचे असते. लिहिणारा कोण, त्याला दिसत काय होते, आणि काय दिसणे शक्यच नव्हते? कव्हरेजच्या अहवालालाही हेच विचारावे. लाल ओळीला: तू खरेच चालली नाहीस, की मधेच वाट सोडलीस? हिरव्या ओळीला: तू चाललीस, पण तुझे उत्तर कोणी तपासले का? आणि शेवटी, मुद्दाम संकट निर्माण करून ‘कॅच’ची वाट कोणी चालून पाहिली का?

१६/१६
२००२ साली भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती आली आणि नकाशावरचा विभाग १ काढून टाकण्यात आला. भूकंप-मानकाच्या दृष्टीने आता देशाचा कोणताही भाग त्या जुन्या, सर्वांत निर्धास्त पट्ट्यात नाही. हे शहाणपण आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून देशाला दिले. सुट्टी संपवून परतताना मित्र म्हणाला, “उद्या आधी हिरव्या ओळी तपासतो.” इतिहास शिकून काय करणार, असे कोणी विचारले तर हा धागा त्याला पाठवा.