न उघडलेला प्लग : एका तुटक्या तुकड्याचा इतिहास

१/
स्पार्क प्लग हा पेट्रोल इंजिनातील अगदी स्वस्त भागांपैकी एक. तो बदलणे हे गॅरेजमधल्या नवशिक्या पोऱ्याचे काम समजले जाते. पण तो काढताना तुटला आणि त्याचे टोक सिलिंडर हेडात अडकून राहिले, तर संपूर्ण हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील एका अमेरिकन ट्रकच्या बाबतीत नेमके हेच घडत गेले. त्याचा हा इतिहास.

२/
महाराष्ट्रात ट्रक म्हटले की डिझेलचा मालट्रक डोळ्यांपुढे येतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. अमेरिकेत मात्र 'ट्रक' या शब्दाने बहुधा पिकअप सूचित होतो, आणि तो बव्हंशी पेट्रोलवर चालतो. शेतकरी, सुतार, नळजोडणी करणारे कारागीर यांचे ते पोटापाण्याचे वाहन. फोर्ड कंपनीचा एफ-१५० हा त्यांतला सर्वांत परिचित.

३/
विजेच्या ठिणगीने इंधन पेटवण्याची युक्ती जुनी आहे. १८६० मध्ये एतिएन लेन्वार याने पॅरिसमध्ये आपल्या गॅस इंजिनात ती वापरली. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली ती तेव्हापासून.

४/
१९०८ मध्ये फोर्डचे 'मॉडेल टी' आले. त्यात वापरला जाणारा 'चॅम्पियन एक्स' हा प्लग दोन भागांचा होता. वरचे नट सैल केले की चिनी मातीचा गाभा वेगळा निघे. तो पुसावा, काजळी खरवडावी, पुन्हा बसवावा. प्लग दोन भागांचा होता, कारण तो उघडला जाणार हे गृहीत होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिला उलटे वळण मिळणार आहे.

५/
१९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागले. इंजिनाचा ठोका थांबला, पण प्लगावर शिशाची पुटे चढू लागली. त्यामुळे प्लग वारंवार काढणे हा वाहन बाळगण्याचाच भाग झाला. महाराष्ट्रातील जुन्या स्कूटरमालकांना याची आठवण असेल : डिकीत प्लगपाना, कोपऱ्यात पॉलिश पेपरचा तुकडा, आणि मायकोचा एक जादा प्लग. जो भाग इतक्यांदा हाताखालून जातो, तो जागेवर गंजून बसत नाही.

६/
मग परिस्थिती पालटली. १९७५ पासून अमेरिकेतील मोटारींत उत्प्रेरक परिवर्तक आले आणि बिनशिशाचे पेट्रोल अपरिहार्य झाले. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, प्लगाच्या टोकाला प्लॅटिनम आले. १९९० च्या हवा-स्वच्छता कायद्यानंतर मोटारींच्या उत्सर्जन यंत्रणेने १,००,००० मैलांपर्यंत टिकावे, अशी अपेक्षा रूढ झाली. प्लगही तितकाच टिकू लागला. १,००,००० मैल म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटर. ग्राहकाला हे वरदानच वाटले.

७/
फोर्डच्या 'ट्रायटन' इंजिनांच्या आधीच्या पिढीत, म्हणजे दोन झडपांच्या हेडात, वेगळीच तक्रार होती. ॲल्युमिनियमच्या हेडात प्लगाला मोजकेच आटे होते. ते झिजले की चालत्या गाडीत प्लग स्फोटासारखा आवाज करून बाहेर फेकला जाई. पुढच्या पिढीतला प्लग मात्र बाहेर यायलाच तयार नव्हता.

८/
२००४ च्या एफ-१५० मध्ये ५.४ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा असलेले व्ही-८ इंजिन आले. शक्ती ३०० अश्वशक्ती. त्याचा प्लग लांबोडका होता : वर आटे, आणि आट्यांच्या खाली हेडाच्या अरुंद भोकात दूरवर गेलेली बारीक नळी. ही नळी वरच्या धातूच्या अंगात दाबून बसवलेली होती. प्लग पुन्हा दोन भागांचा झाला. पण या वेळी तो उघडण्यासाठी नव्हता.

९/
नळी आणि हेडाचे भोक यांच्यामधल्या केसभर फटीत वर्षानुवर्षे कार्बन साचत जाई. १,००,००० मैलांनंतर मेकॅनिकने पाना लावला की वरचे आटे फिरत, खालची नळी मात्र कार्बनने हेडाला जखडलेली असे. दाबून बसवलेला सांधा सुटे. हातात येई अर्धा प्लग. नळी, आणि कधी चिनी मातीचे तुकडेही, आतच राहत. इंजिनात असे ८ प्लग.

१०/
या सगळ्याची झळ कोणाला? २००४ च्या या ट्रकची मूळ हमी ३ वर्षे किंवा ३६,००० मैलांची होती. प्लग बदलण्याची वेळ येईपर्यंत ती केव्हाच संपलेली असे, आणि ट्रक बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे गेलेला असे. नवा घेणे परवडत नाही म्हणून जुना घेतलेल्या माणसावर हा भार पडला. ज्याने वाहन नवे असताना वापरले, त्याने कदाचित प्लग कधी पाहिलाही नसेल.

११/
फोर्डने मेकॅनिकांसाठी तांत्रिक सूचनापत्रके काढली. त्यांचे सार असे : इंजिन पूर्ण थंड असावे. प्लग आधी जेमतेम एक-अष्टमांश ते पाव फेरा सैल करावा. प्लगाच्या खळग्यात कार्ब्युरेटर साफ करण्याचे द्रावण थोडेसे सोडावे. निदान १५ मिनिटे थांबावे. मग पाना पुढेमागे हलवत, हवेच्या दाबावरची अवजारे न वापरता, हळूहळू प्लग बाहेर घ्यावा. शक्तीपेक्षा सबुरी अधिक कामाची.

१२/
तरीही तुटलाच, तर खास ओढणी. नळीत उरलेला चिनी मातीचा गाभा आधी जपून खाली सरकवायचा, नळीच्या आतून आटे पाडायचे, त्यांत ओढणीचा दांडा फिरवून घट्ट करायचा आणि वरचे नट आवळत नळी सरळ वर खेचायची. चुरा धरून ठेवायला अवजाराला ग्रीस लावायचे. एखादी कपरी सिलिंडरात पडली, तर भिंतीवर ओरखडे उमटतात. हे सारे खोल, अंधाऱ्या भोकात, अंदाजाने.

१३/
चॅम्पियनने या इंजिनासाठी एकसंध प्लग बाजारात आणला. नव्या प्लगाच्या नळीला निकेलयुक्त ग्रीस लावावे, आट्यांना नाही, असा फोर्डचा सल्ला होता. २००७ च्या उत्तरार्धापासून हेड आणि प्लग दोन्हींची रचनाच बदलली. मालकांचे दावे ओहायोतील संघीय न्यायालयात एकत्र आले आणि २०१६ मध्ये त्यांत तडजोड झाली.

१४/
दोष रचनेचा होता, यात शंका नाही. पण तो इतका उशिरा उघडकीस आला, याला दुसरेही कारण आहे. मॉडेल टीच्या काळात असा प्लग पहिल्याच वर्षी तुटला असता. तक्रार कारखान्यापर्यंत पोचली असती, रचना सुधारली असती. देखभालीची कटकट संपली, तेव्हा देखभालीतून मिळणारी पूर्वसूचनाही संपली. ज्या वस्तूला वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही, तिच्यातली खोट दिसते तेव्हा दुरुस्तीचा खर्च ज्याच्या माथी येतो, त्याने ती वस्तू नवी कधी पाहिलेलीच नसते.

(समाप्त)