एक किल्ली, २७ दारं : युरोपचं नागरिक कोण ठरवतं?

आजचा प्रश्न साधा आहे. युरोपियन युनियनचं नागरिक व्हायचं असेल, तर अर्ज कुठे करायचा? उत्तर ऐकून गंमत वाटेल : कुठेच नाही. असा अर्जच नसतो.

७ फेब्रुवारी १९९२. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त शहरात १२ देशांनी एका करारावर सह्या केल्या आणि 'युनियनचं नागरिकत्व' जन्माला आलं. कुठल्याही सदस्य देशात राहा, काम करा, स्थानिक निवडणुकीत मत द्या. अट एकच : तुम्ही एखाद्या सदस्य देशाचे नागरिक हवेत. आणि ते कोण, हे तो देश ठरवणार.

तरीही डेन्मार्कच्या लोकांना भीती वाटली. जूनमध्ये त्यांनी सार्वमतात करार फेटाळला. मग डिसेंबरमध्ये एडिनबरोच्या बैठकीत लिहून दिलं गेलं, की हे नवं नागरिकत्व देशाच्या नागरिकत्वाची जागा घेणार नाही. १९९३ मध्ये डेन्मार्क 'हो' म्हणाला, पण नियम एकसारखे करण्याचा विषय तिथेच अडला.

१९९७ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपनं एक प्रयत्न केला. ही संस्था युनियनहून वेगळी, बरं का! तिच्या करारात ठरलं, की नागरिकत्वासाठी १० वर्षांपेक्षा जास्त वास्तव्य मागायचं नाही. फ्रान्स आणि इटलीनं सही केली, पण पुढे मंजुरी दिली नाही. आजही सर्वसाधारण नियम फ्रान्समध्ये ५ वर्षांचा, तर युनियनबाहेरून आलेल्यांसाठी इटलीत १० वर्षांचा.

याचा धागा थेट गोव्यापर्यंत येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानत आला. त्यांच्या मुलांनाही ती वाट खुली झाली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात आला आणि लिस्बनच्या कायद्यानं मिळालेल्या पासपोर्टवर पुढे कित्येक गोवेकर इंग्लंडमधल्या स्विंडनला कामाला गेले. किंमतही मोठी होती. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे इथलं नागरिकत्व सोडावं लागतं. मग ब्रेक्झिट झालं आणि २०२० संपताना ब्रिटनचं ते मोकळं दार बंद झालं.

म्हणजे बघा, किल्ली एक देश देतो, पण दारं २७ देशांची उघडतात. मग माल्टानं ती किल्ली पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली, तेव्हा प्रकरण लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेलं. २९ एप्रिल २०२५ ला निकाल लागला : नागरिकत्व असं विकता येणार नाही.

मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, पण अर्धवटही. श्रीमंतांची पळवाट बुजली. मात्र रोममध्ये ९ वर्षं राबणारा कामगार अजून परकाच आहे, आणि पॅरिसमध्ये तितकीच वर्षं काढलेला त्याचा भाऊ कदाचित मतदारही झाला असेल.

तुम्हाला काय वाटतं? नियम एकच हवा का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!